आकाशातला जमाखर्च

१५ ऑक्टोबर १९३२. कराचीहून निघालेले एक इंजिनाचे छोटेसे विमान अहमदाबादला उतरले. चालवीत होते जे. आर. डी. टाटा. टपालाच्या पिशव्या घेऊन त्यांना मुंबईत जुहूला पोचायचे होते. अहमदाबादला विमानासाठी पेट्रोल आले ते बैलगाडीतून, चार-चार गॅलनच्या डब्यांतून! त्या दिवशी विमानाने किती इंधन घेतले, असे कुणी विचारले असते, तर रिकामे डबे मोजून उत्तर देता आले असते.

आज मुंबईच्या विमानतळावर नागपूरला जाणारे आणि दुबईला जाणारे अशी दोन विमाने शेजारी शेजारी उभी असतात. दोघांच्याही पोटात तेच इंधन जाते. धूरही सारखाच. पण नागपूरच्या विमानाचा धूर भारताच्या नावावर लिहिला जातो, दुबईच्या विमानाचा कुणाच्याच नावावर नाही. हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

१९९२च्या हवामानविषयक करारानुसार प्रत्येक देशाला आपण हवेत किती हरितगृह वायू सोडतो, याचा ताळेबंद संयुक्त राष्ट्रांना सादर करावा लागतो. त्यात वीजघरे, कारखाने, गाड्या, इतकेच काय, भातशेती आणि गुरेढोरेही येतात. विमानांचे एक पान असते. ते कसे भरायचे याचे नियम ‘आयपीसीसी’ या आंतरराष्ट्रीय समितीने घालून दिले असून, २००६ची नियमावली आज मुख्यतः वापरात आहे.

वरवर पाहता हिशेब सोपा वाटतो. विमानाच्या इंधनात वजनाने सुमारे ८६ टक्के कार्बन असतो. जळताना तो हवेतला प्राणवायू ओढून घेतो. म्हणून एक किलो इंधनातून एक किलो नव्हे, तर सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. तेव्हा तेल कंपन्यांनी वर्षभरात किती इंधन विकले ते विचारावे आणि गुणाकार करावा. ही झाली पहिली, सर्वांत साधी पायरी.

पण घरखर्च लिहिणाऱ्या कुठल्याही गृहिणीला ठाऊक असते, की दुकानातून आणलेले आणि घरात शिजलेले यांत फरक पडतो. इंधनही लिटरने विकले जाते आणि वैमानिक ते किलोने मोजतो. या दोन मापांत गफलत झाली तर काय होते, हे १९८३ साली कॅनडात दिसले. एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये २२,३०० किलो इंधन हवे होते. मेट्रिक मापे नवी असल्याने हिशेब पौंडांत झाला आणि निम्म्याहूनही कमी इंधन भरले गेले. भर आकाशात दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते प्रचंड विमान घारीसारखे तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले. सर्वजण वाचले, म्हणून ही गोष्ट आज हसत सांगता येते.

दुसऱ्या पायरीवर विमानाचे उतरणे-उडणे वेगळे आणि उंचावरचा प्रवास वेगळा मोजतात. जमिनीपासून तीन हजार फुटांपर्यंतचा हिशेब ठरावीक मिनिटांवर बसवलेला आहे : उतरण्याला ४ मिनिटे, जमिनीवर सरकण्याला २६, उड्डाणाला जेमतेम ०.७ आणि वर चढण्याला २.२ मिनिटे. एवढ्यातच एअरबस ए-३२० सारखे विमान सुमारे ७७० किलो इंधन जाळते, असे नियमावलीतील तक्ता सांगतो. म्हणजे जवळजवळ अडीच टन कार्बन डायऑक्साइड, आणि खरा प्रवास अजून हिशेबात धरलेलाच नाही! तिसरी पायरी आणखी काटेकोर. तिच्यात प्रत्येक उड्डाण कुठून कुठे, कोणत्या विमानाने झाले, हे पाहून बेरीज करतात.

एवढा खटाटोप कशासाठी? एकूण कार्बन डायऑक्साइड तर विक्रीच्या आकड्यावरूनही निघतो. खरी अडचण आहे ती वाटणीची. देशातल्या देशात झालेले उड्डाण देशाच्या बेरजेत धरायचे आणि परदेशी जाणाऱ्या उड्डाणाचे इंधन वेगळे, केवळ माहितीसाठी लिहायचे, असा नियम आहे. विमान कोणत्या कंपनीचे, याला महत्त्व नाही. ते कुठून उडाले आणि कुठे उतरले, एवढेच पाहायचे. नागपूरहून मुंबईमार्गे दुबईला जाणाऱ्याचा पहिला टप्पा भारताच्या खात्यात, दुसरा खात्याबाहेर. आपल्याकडे तेल कंपन्या देशांतर्गत उड्डाणांसाठी रुपयांत आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी डॉलरमध्ये वेगळे दर जाहीर करतात. त्यामुळे बिलांवरून वाटणी करण्याला आधार मिळतो. जिथे अशी सोय नाही, तिथे उड्डाणे मोजण्यावाचून गत्यंतर नाही. देशांतर्गत धुराचा काही भाग चुकून परदेशी खान्यात पडला, तर एकही विमान कमी न उडता त्या देशाचे प्रदूषण कागदावर घटते! कमी करण्याची वचने ज्या आकड्यांवर द्यायची, ते आकडेच असे पोकळ असतील तर वचनांचे काय?

वेगळ्या खान्यातल्या धुराचे काय करायचे, हा प्रश्न १९९७च्या क्योटो करारात ‘इकाओ’ या विमानवाहतूक संघटनेकडे सोपवला गेला. तिची योजना ठरायला २०१६ साल उजाडले, आणि ती सक्तीची होणार २०२७ पासून. या योजनेनुसार ठरलेल्या पातळीपेक्षा जास्त धूर झाला, तर विमान कंपनीने अन्यत्र कुणी वाचवलेल्या धुराचे पैसे मोजायचे. म्हणजे आपण जेवायचे आणि दुसऱ्याच्या उपवासाचे पुण्य विकत घ्यायचे! काहीच नसण्यापेक्षा हे बरे, एवढेच म्हणता येईल.

जगाच्या कार्बन डायऑक्साइडमध्ये विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. तो थोडा वाटतो. पण जगातल्या बहुसंख्य माणसांनी अजून विमानात पाऊल ठेवलेले नाही, हे लक्षात घेतले की तो थोडा उरत नाही.

नातवंडाला पाहायला अमेरिकेला निघालेली एखादी आजी विमानतळावर आपण सर्वांनीच पाहिली आहे. भाजणी, मेतकूट, लोणच्याची बरणी. बॅग २३ किलोंच्या वर गेली की काउंटरवरची मुलगी नम्रपणे थांबवते आणि आजी तिथेच बॅग उघडून एक-एक पुडी बाहेर काढते. तिच्या लोणच्याचा हिशेब किलोपर्यंत चोख होतो. तिला घेऊन जाणाऱ्या विमानाच्या धुराचा हिशेब मात्र कोणत्याच देशाच्या बेरजेत नाही. आजीने जाऊ नये असे कोण म्हणेल? पण ज्या नातवाला पाहायला ती निघाली आहे, त्यालाच पुढे ही चोपडी उघडून बसावे लागणार आहे.