परीक्षेचा विषय म्हणून शारीरिक शिक्षण : जीसीएसई व सीबीएसई यांतील मूल्यमापन

प्रस्तावना :
शाळेतील शारीरिक शिक्षणाचा तास आणि परीक्षेचा विषय म्हणून शारीरिक शिक्षण या दोन भिन्न बाबी आहेत. पहिल्यात सर्व विद्यार्थ्यांचा सहभाग अपेक्षित असतो. दुसरा विषय विद्यार्थी स्वतः निवडतो व त्याचे गुण प्रमाणपत्रावर नोंदले जातात. मैदानावरील कौशल्य आणि त्यामागील शास्त्र यांना किती गुण द्यावेत, हा येथील कळीचा प्रश्न होय. प्रस्तुत लेखात दोन परीक्षापद्धतींच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

इंग्लंडमधील जीसीएसई :
साधारणतः वयाच्या 16 व्या वर्षी ही परीक्षा होते. एक्यूए या परीक्षा मंडळाच्या जुन्या पूर्ण अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाला 60 टक्के व लेखी परीक्षेला 40 टक्के भार होता. 2016 पासून शिकविल्या जाणाऱ्या व 2018 मध्ये प्रथम परीक्षा झालेल्या सुधारित अभ्यासक्रमात हे प्रमाण उलटले : लेखी 60, प्रात्यक्षिक 40. प्रात्यक्षिकापैकी 30 टक्के भार तीन खेळप्रकारांतील कामगिरीस आणि 10 टक्के विश्लेषणास आहे. तीन प्रकारांत किमान एक सांघिक व एक वैयक्तिक असावा लागतो.

सीबीएसई, इयत्ता बारावी :
येथे लेखी परीक्षेस 70 व प्रात्यक्षिकास 30 गुण आहेत. 2022-23 च्या अभ्यासक्रमानुसार या 30 पैकी शारीरिक क्षमता चाचणीस 6, खेळातील प्रावीण्यास 7, योगाभ्यासास 7, नोंदवहीस 5 व तोंडी परीक्षेस 5 गुण होते. म्हणजेच 100 पैकी प्रत्यक्ष खेळातील प्रावीण्याचा वाटा केवळ 7 होता.

विवेचन :
लेखी उत्तरपत्रिका सर्वत्र एकाच निकषावर तपासता येते. कामगिरीचे गुण मात्र शिक्षकाच्या निरीक्षणावर बरेचसे अवलंबून असतात. त्यामुळे समानतेचा आग्रह वाढला की लेखी भागाचे वजन वाढणे स्वाभाविक ठरते. याचा लाभही आहे. चवड्यांवर उभे राहताना पायात दुसऱ्या प्रकारची तरफ कार्य करते, हे विद्यार्थी स्वतःच्या शरीरावरून समजून घेतो. शरीरक्रियाशास्त्र, मानसशास्त्र, आहारशास्त्र व जैवयांत्रिकी यांची तोंडओळख येथेच होते. तथापि, मैदानावर निपुण परंतु लेखनात मागे पडणारा विद्यार्थी त्याच्या स्वतःच्या विषयातच दुर्बल ठरण्याची शक्यता निर्माण होते.

निष्कर्ष :
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 ने अभ्यासक्रमीय व अभ्यासक्रमेतर यांतील कठोर विभागणी नाकारली आहे. अशा वेळी महाविद्यालयीन प्राध्यापकांनी प्रवेश देताना या विषयाचे केवळ एकूण गुण न पाहता लेखी व प्रात्यक्षिक गुण स्वतंत्रपणे विचारात घेणे इष्ट ठरेल. एकाच बेरजेत विषयाचे ज्ञान आणि खेळाचे कौशल्य या दोहोंचे यथार्थ दर्शन घडत नाही.