म्हैसूरच्या गच्चीवर फिरती डिश: मोटरीपेक्षा खांब महत्त्वाचा

म्हैसूर - घराच्या गच्चीवरील एकाच डिश अँटेनाने अनेक उपग्रहांचे कार्यक्रम पाहता यावेत, यासाठी डिशला मोटर जोडली जाते. रिसीव्हरवरून आज्ञा दिली की डिश एका उपग्रहाकडून दुसऱ्याकडे वळते. मात्र खांब तिरका बसला असेल, तर कितीही चांगली मोटर ती चूक सुधारू शकत नाही.

दूरचित्रवाणीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर असून, ते पृथ्वीच्या परिवलनाच्या वेगानेच फिरतात. त्यामुळे जमिनीवरून ते स्थिर भासतात. भारताच्या अशा उपग्रहांना नेमून दिलेल्या जागी राखण्याचे काम म्हैसूरपासून सुमारे 120 किलोमीटरवरील हासन येथील इस्रोचे नियंत्रण केंद्र करते. तेथे ही अचूकता राखली जाते, म्हणूनच घरची डिश एकदा नीट बसवली की पुरेसे होते.

म्हैसूर 12.3 अंश उत्तर अक्षांशावर आणि 76.65 अंश पूर्व रेखांशावर आहे. येथून उपग्रहांची कमान दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे 75 अंश उंचीवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर दिसते. मुंबईत हीच उंची सुमारे 68 अंश असते. साहजिकच म्हैसूरमध्ये शेजारच्या इमारतींचा अडथळा कमी होतो. कमानीच्या पूर्व व पश्चिम टोकांकडे मात्र नारळाची झाडे आड येत नाहीत ना, हे पाहावे लागते.

दूरदर्शनची 'डीडी फ्री डिश' सेवा 93.5 अंश पूर्वेवरील उपग्रहावरून मिळते. केवळ सह्याद्री वा चंदना या वाहिन्या पाहायच्या असतील, तर मोटरीची गरज नाही; स्थिर डिश पुरेशी आहे. इतर उपग्रहांवरील निःशुल्क वाहिन्याही हव्या असतील, तरच मोटरीचा खर्च सार्थकी लागतो. त्यासाठी रिसीव्हरमध्ये 'डिसेक 1.2' ही मोटर चालवण्याची सुविधा असणे आवश्यक आहे.

प्रथम लोखंडी खांब स्लॅबमध्ये अँकर बोल्टने घट्ट बसवावा आणि दोन बाजूंनी ओळंबा लावून तो सरळ असल्याची खात्री करावी. त्यानंतर खरी दक्षिण दिशा शोधावी. खांब आणि स्लॅबमधील सळ्यांमुळे होकायंत्र चुकू शकते. त्याऐवजी सपाट जागी एक सरळ काठी उभी करून तिच्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी व दुपारनंतर सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करते, ते दोन बिंदू जोडल्यास पूर्व-पश्चिम रेषा मिळते. तिला काढलेला लंब म्हणजे उत्तर-दक्षिण रेषा. भारतीय ज्योतिषशास्त्रातील शंकूची ही जुनी पद्धत आजही तितकीच उपयोगी आहे.

मोटर शून्यावर आणून तिच्या पट्टीवर 12.3 अंश अक्षांश लावावा. डिशचा कल मोटरीसोबतच्या तक्त्याप्रमाणे ठेवावा. नंतर रिसीव्हरमध्ये गावाचे अक्षांश-रेखांश भरून 93.5 अंशावरील उपग्रह निवडावा. रेखांशातील फरक सुमारे 17 अंशांचा असला, तरी मोटर जवळपास 20 अंश फिरते. आपण पृथ्वीच्या केंद्रातून नव्हे, तर पृष्ठभागावरून पाहत असल्याने हा फरक पडतो. रिसीव्हर ही आकडेमोड स्वतः करतो.

सिग्नल मिळाला नाही, तर डिश मोटरीवर फिरवू नये. मोटरीसह संपूर्ण जुळणी खांबाभोवती किंचित फिरवावी. त्यानंतर कमानीची दोन्ही टोके तपासावीत. एका टोकाला डिश उपग्रहाच्या वर आणि दुसऱ्या टोकाला खाली रोखली जात असेल, तर दक्षिण दिशा चुकली आहे किंवा खांब पूर्व-पश्चिम कलला आहे. मधला उपग्रह नीट मिळूनही दोन्ही टोकांना सारखीच चूक दिसत असेल, तर अक्षांशाचा कोन किंवा डिशचा कल तपासावा.

मोटरीला वीज केबलमधूनच मिळते. त्यामुळे जोडणी करताना रिसीव्हर बंद ठेवावा, अन्यथा शॉर्ट सर्किट होऊन तो निकामी होऊ शकतो. खांबाला अर्थिंग करावे आणि विजेच्या तारांपासून पुरेसे अंतर राखावे. पावसाळी वाऱ्यात सैल बोल्टमुळे डिश निखळून खाली कोणाच्या अंगावर पडण्याचा धोका असतो. म्हणून दर वर्षी जूनपूर्वी बोल्ट तपासून घट्ट करणे अत्यावश्यक आहे.