रंग गेला, आता आकडा दाखवा

पनवेलजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रावर (ईटीपी) ओझोनची चाचणी पाहत उभी होते. चुना-तुरटीने गाळ बसवून झाला होता, जिवाणूंच्या टाकीतूनही पाणी फिरून आले होते. तरी त्याचा तांबूस रंग हटला नव्हता. कित्येक रंगांचे रेणू जिवाणूंना पचत नाहीत. ओझोनचे काम इथून सुरू होते.

जनरेटरमध्ये उच्च दाबाच्या विजेने ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि तीन अणूंचा ओझोन तयार होतो. तो फार टिकत नाही, म्हणून जागेवरच बनवावा लागतो. पाण्यात विरघळतोही कमी. साध्या डिफ्यूझरमधून सुटलेला २ मिलिमीटरचा बुडबुडा ३ मीटर पाणी साधारण १५ सेकंदांत चढून जातो आणि बराच वायू वाया जातो. ५० मायक्रॉनच्या बुडबुड्याला तेवढेच अंतर चढायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. शिवाय वायू तेवढाच असला, तरी पाण्याला भिडणारा पृष्ठभाग ४० पट होतो.

पंप सुरू झाला आणि अशाच बारीक बुडबुड्यांनी टाकी झाकणाच्या काचेतून दुधासारखी पांढरी दिसू लागली. वर आलेला उरलासुरला ओझोन फुप्फुसांना घातक. तो विघटकातून जातो आणि गळतीवर सेन्सरची नजर असते. थोड्या थोड्या वेळाने काढलेले नमुने ओळीने ठेवले होते: तांबूस, पिवळट, मग जवळजवळ नितळ.

“रंगावर जाऊ नका मॅडम, सीओडी बघा,” ऑपरेटर म्हणाले.

त्यांचे म्हणणे खरे होते. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिकरीत्या ऑक्सिडाइझ करायला लागणारा ऑक्सिजन. ओझोन आधी रेणूतला रंग देणारा बंध तोडतो. तुकडे पाण्यातच राहतात. ते लहान झाल्यामुळे आता जिवाणूंना पचू शकतात, म्हणून हे पाणी पुन्हा त्यांच्या टाकीत सोडायचे. क्षार मात्र ओझोनने जात नाहीत. रंग डोळ्यांदेखत उतरतो; सीओडी कळायला नमुना प्रयोगशाळेत दोन तास तापवावा लागतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळे पडलेले भटके कुत्रे दिसले आणि कासाडी नदीच्या प्रदूषणाची देशभर बातमी झाली. रंग दिसला, म्हणून सगळे जागे झाले. रंग काढणारी यंत्रे आल्यावर नुसत्या डोळ्यांवर विसंबून चालणार नाही. पनवेलकरांनी कारखान्यांकडे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आता सीओडीचे आकडे मागावेत. रोजचे मागावेत आणि रात्रपाळीचेही.