गाव, पाडा आणि टंचाई : हरसूल परिसराच्या जलव्यवस्थेतील परिभाषेचा विचार

शासनव्यवहारातील परिभाषा वस्तुस्थितीचे केवळ वर्णन करीत नाही. साहाय्यास पात्र कोण, ते केव्हा मिळावे आणि त्याचे मोजमाप कशाने व्हावे, हेही ती ठरविते. म्हणून ग्रामीण जलधोरणाचा अभ्यास करताना धरणे, विहिरी व खर्चाचे आकडे यांच्याइतकेच महत्त्व त्या धोरणातील शब्दांना द्यावे लागते. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात वसलेला हरसूल परिसर या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

हा प्रदेश सह्याद्रीच्या डोंगराळ भागात, दमणगंगेच्या खोऱ्यात मोडतो. कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादी आदिवासी समाजांची येथे वस्ती आहे. भात, नागली व वरई ही येथील पावसाळी पिके होत. पाऊस विपुल पडतो. परंतु उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी जमिनीत फारसे न मुरता ओढ्यानाल्यांवाटे पश्चिमेकडे निघून जाते. परिणामी आषाढ-श्रावणात जेथे नाले ओलांडता येत नाहीत, तेथेच चैत्र-वैशाखात विहिरींचे तळ दिसू लागतात. येथील उणीव पावसाची नसून साठवणीची आहे.

या परिस्थितीला कोणते नाव द्यावयाचे? ‘दुष्काळ’ या शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ ‘वाईट काळ’ एवढाच आहे, आणि ‘ओला दुष्काळ’ असा प्रयोग करणाऱ्या लोकभाषेने त्याची व्यापकता जपली आहे. शासकीय परिभाषेत मात्र तो दीर्घकाळ पिकाच्या उताऱ्याशी बांधला गेला. १९५७ साली दशमान नाणी आल्यावर ‘आणेवारी’ची पुढे ‘पैसेवारी’ झाली. नाव बदलले, मोजावयाची वस्तू पीकच राहिली. २०१६ च्या केंद्रीय दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पर्जन्यातील तुटीला प्राथमिक निकषाचे स्थान दिले. हरसूलसारख्या ठिकाणी पाऊस पुरेसा होऊन भातही चांगला आला, तर दोन्ही कसोट्यांवर ते वर्ष निर्दोष ठरते. घरातील हंडा रिकामा असणे हे या दोहोंपैकी कोणत्याही मापात बसत नाही.

ही पोकळी ‘टंचाई’ या शब्दाने भरून काढली जाते. जिल्हा प्रशासनाचा टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत आखला जातो. विहिरी खोल करणे, खाजगी विहिरी अधिग्रहित करणे, नाल्याच्या पात्रात उथळ विहीर म्हणजे बुडकी घेणे, टँकरने पाणी पुरविणे हे त्यातील नेहमीचे उपाय. हे उपाय आवश्यक आहेत यात शंका नाही. तथापि ‘टंचाई’ म्हटले की प्रसंग तात्पुरता ठरतो व उपायही तात्पुरता पुरेसा वाटतो. जे संकट दरवर्षी ठराविक महिन्यांत येते, ते आपत्ती नसून त्या प्रदेशाचा ऋतुक्रम आहे, ही गोष्ट या शब्दाआड जाते.

दुसरा प्रश्न ‘गाव’ या शब्दाचा. महसुली दप्तरातील गाव हे एक नाव व एक सीमा असलेले एकक आहे. डोंगराळ भागात मात्र एका गावाचे अनेक पाडे असतात आणि त्यांच्यामध्ये दरी, ओढा किंवा चढ असतो. गावठाणात विहीर झाली की दप्तरी गावाची सोय झाली. पाड्यावरील स्त्रीचे चालणे तिने थांबतेच असे नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातीलच शेंद्रीपाडा येथील स्त्रियांना पाण्यासाठी तास नदीवरील लाकडी ओंडक्यांवरून जावे लागे. त्याची छायाचित्रे प्रसिद्ध झाल्यानंतर २०२२ च्या जानेवारीत तेथे लोखंडी साकव बसविण्यात आला. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुरात वाहून गेला. पाण्यासाठी नदी ओलांडावी लागणे आणि पाण्यानेच साकव नेणे, या दोन्ही गोष्टी एकाच पाड्याच्या एकाच वर्षातील आहेत.

२०१९ साली आरंभ झालेल्या जलजीवन मिशनने ‘गाव’ व ‘वस्ती’ यांऐवजी ‘घर’ हे एकक स्वीकारले आणि प्रत्येक ग्रामीण घरास नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी हे लक्ष्य ठेवले. एककाचा हा बदल महत्त्वाचा आहे. परंतु नळजोडणी मोजता येते तितक्या सहजपणे उद्भवाचे आयुष्य मोजता येत नाही. उद्भव वैशाखात आटला, तर जोडणी नोंदवहीत शिल्लक राहते आणि नळ कोरडा.

या संदर्भात १९९६ च्या पेसा कायद्यातील व्याख्या विशेष विचारार्ह आहे. हरसूल परिसर अनुसूचित क्षेत्रात येतो. या कायद्यानुसार वस्ती वा वस्त्यांचा समूह, पाडा वा पाड्यांचा समूह, जो परंपरेनुसार आपले व्यवहार चालवितो, तो सर्वसाधारणपणे गाव होय. अशा प्रत्येक गावास ग्रामसभा असावी, आणि लहान जलसाठ्यांचे नियोजन व व्यवस्थापन योग्य स्तरावरील पंचायतींकडे सोपवावे, असेही त्यात म्हटले आहे. महाराष्ट्राचे नियम २०१४ साली झाले. म्हणजे पाड्याला गाव म्हणण्याची कायदेशीर वाट आज उपलब्ध आहे. १९६२ साली जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या तेव्हा सत्ता जिल्ह्यापर्यंत व तालुक्यापर्यंत उतरली. या व्याख्येने ती पाड्यापर्यंत उतरू शकते.

पाण्याचा कारभार लोकांनी चालविणे ही कल्पना नाशिक जिल्ह्याला नवी नाही. मोसम व गिरणा खोऱ्यांतील फड पद्धतीत बंधाऱ्याखालील क्षेत्राचे फड पाडलेले असत, पाणी देण्यास पाटकरी असे, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी भिजवावयाचे क्षेत्र सर्वसंमतीने घटविले जाई. तेथील शब्द कामाचे व जबाबदारीचे होते. ‘पाटकरी’ म्हटले की कोणाला विचारावयाचे ते कळे. हरसूलच्या डोंगरउतारावर फड उभा राहणार नाही, कारण तेथे भूरचनाच निराळी. परंतु झरा राखणारा, बंधाऱ्यातील गाळ पाहणारा, उन्हाळ्यातील वाटप ठरविणारा असे पदनिश्चित माणूस पाड्याच्या ग्रामसभेने नेमावेत, एवढा बोध त्यातून घेता येतो.

अशा प्रदेशाच्या नियोजनात म्हणून तीन गोष्टींची नोंद एकत्र व्हावयास हवी : पाड्याचे नाव, उद्भवाचे नाव, आणि तो उद्भव ज्या महिन्यात आटतो त्या महिन्याचे नाव. ही नोंद ग्रामसभेच्या इतिवृत्तात दरवर्षी होत गेली, तर साठवणीचे काम कोठे व कोणत्या महिन्यापूर्वी हाती घ्यावे, हे टँकरची मागणी येण्याची वाट न पाहता सांगता येईल.