समोर मुंबई, मध्ये ओहोटी

रेवसच्या धक्क्यावर नवखा माणूस लाँच किती वाजता आहे असं विचारतो. गावातला माणूस आज तिथी कोणती असं विचारतो, आणि दोघांनाही एकाच गोष्टीचं उत्तर हवं असतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास रेवसला घड्याळाचं फारसं चालत नाही. फळ्यावर वेळ लिहिलेली असते, तिकिटं काढून माणसं उभी असतात, भाजीच्या पाट्या आणि फुलांची गाठोडी कडेला रचलेली असतात. धक्क्याच्या पायऱ्यांशी मात्र पाणीच नसतं, नुसता चिखल असतो.

अलिबाग तालुक्याचं अगदी उत्तरेचं टोक म्हणजे रेवस. एका अंगाला मुंबईचा समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला धरमतरची खाडी, आणि खाडीपलीकडे उरण तालुक्यातलं करंजा. आकाश निवळ असलं की मुंबई डोळ्यांना दिसते. लाँच वेळेवर सुटली तर भाऊचा धक्का तास-सव्वा तासावर आहे. अलिबाग शहर मात्र रस्त्याने वीस-पंचवीस किलोमीटर दूर. म्हणजे जिल्ह्याचं ठिकाण पाठीमागे आणि पोटापाण्याचं ठिकाण समोर, अशी या गावाची बैठक आहे. इथल्या माणसाची तक्रार ऐकायला बसलं की ती रस्ता, पाणी, एसटी, दवाखाना अशी फिरत फिरत शेवटी या धक्क्यावरच येऊन थांबते.

ओहोटीचा त्रास नेमका कामाच्या वेळेलाच का होतो, याचं कारण पंचांगात सापडतं. मुंबईच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती साधारण दुपारी बाराच्या आगेमागे येते. पावसाळ्यात मुंबईकरांना उधाणाचा इशारा मिळतो तो बहुतेक वेळा दुपारचाच, हे आठवून पाहावं. भरती आणि ओहोटी यांत सहा तासांचं अंतर असतं. त्यामुळे उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. माणसं कामाला निघतात आणि कामावरून परततात त्या याच वेळा. अष्टमी-नवमीच्या भांगाला पाण्याची चढउतार कमी असते, तेव्हा जरा सुटका होते. महिन्यातून दोनदा उधाण आणि दोनदा भांग असं हे चक्र चालू राहतं. मुंबईत नोकरी करणाऱ्याने साहेबाला उशिराचं कारण म्हणून पौर्णिमा सांगावी, तर साहेब काय म्हणेल ते वेगळं सांगायला नको.

ओहोटी निसर्गाची आहे, पण गाळ काढायचा की नाही हा माणसांचा निर्णय आहे. अंबा आणि पाताळगंगा या नद्या आपली माती घेऊन धरमतरच्या खाडीत येतात. पाणी संथ झालं की ती माती तळाशी बसते, आणि धक्का किनाऱ्याला असल्यामुळे त्याच्या पुढ्यात जास्तच. गाळ काढला की काही काळ बरं चालतं, मग पुन्हा भरतं. समोरच्या मोरा बंदराचंही हेच दुखणं आहे. तिथेही मोठ्या ओहोटीच्या दिवसांत भाऊच्या धक्क्याकडे जाणाऱ्या लाँच काही तास बंद ठेवाव्या लागतात. त्याच वेळी खाडीच्या मधल्या खोल पाण्यातून भरती साधून धरमतर आणि डोलवीकडे जाणारे कोळशाचे, खनिजाचे बार्ज रेवससमोरून सरकत असतात. कारखान्याच्या मालाला या खाडीत वाट मिळते आणि माणसांना मिळत नाही, हा टोमणा धक्क्यावर ऐकू आला तर नवल नाही.

करंजाला जायला तर, म्हणजे खाडी ओलांडणारी होडी, आहे. माणसं, मोटारसायकली, म्हावऱ्याच्या पाट्या, सगळं एकाच होडीत चढतं आणि पंधरा-वीस मिनिटांत पलीकडे उतरतं. हीच वाट रस्त्याने धरायची तर पोयनाड, वडखळ आणि पेण असा वळसा घालून उरणला यावं लागतं. समोर दिसणाऱ्या गावासाठी अर्धा दिवस जातो. पेणहून पुढे पनवेलकडे जायचं तर मुंबई-गोवा महामार्ग. त्याच्या पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं आणि दशक उलटलं तरी पुरं झालं नाही. वडखळ-अलिबाग रस्त्यावर शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. रात्री ना तर असते, ना लाँच. अवघडलेली बाई असो की छातीत दुखणारा म्हातारा, आधी अलिबागचं जिल्हा रुग्णालय गाठायचं आणि तिथून मुंबईला न्या म्हणाले तर तोच वळसा घालायचा. मुंबई समोर दिसते याचा अशा रात्री काही उपयोग नसतो.

12 जानेवारी 2024 हा दिवस रेवसकरांच्या पचनी पडणं कठीणच होतं. त्या दिवशी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचं, म्हणजे 21.8 किलोमीटरच्या अटल सेतूचं उद्घाटन झालं. त्याच दिवशी उरणच्या रेल्वेलाही हिरवा कंदील मिळाला. खाडीपलीकडच्या तालुक्याला एका दिवसात समुद्रावरचा पूल आणि लोकल दोन्ही आलं. अलीकडच्या अलिबाग तालुक्यात थळच्या खत कारखान्यासाठी मालगाडीचा रूळ कधीचाच येऊन पोचला आहे, पण त्यावरून प्रवासी गाडी सोडण्याची मागणी निवेदनांतच फिरते आहे.

वास्तविक पुलाची गोष्ट रेवसला नवी नाही. जून 1980 ते जानेवारी 1982 या काळात बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते. कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते त्यांच्याच कारकिर्दीत, 1 जानेवारी 1981 रोजी. कोकणच्या खाड्यांवर पूल बांधून किनाऱ्याकिनाऱ्याने रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत रस्ता न्यायचा, ही कल्पना त्यांनी लावून धरली. त्यातला पहिला पूल रेवस-करंजा. अंतुले पायउतार झाले आणि पूल कागदावर राहिला. 2014 साली ते गेले, तेव्हाही पूल कागदावरच होता. ‘रेवस-रेडी सागरी महामार्ग’ हे नाव महाराष्ट्रात सर्वांना पाठ झालं, फक्त रस्ता ज्या गावाच्या नावाने सुरू होतो त्या गावात तो यायचा राहिला. अलीकडे राज्य रस्ते विकास महामंडळाने हे काम हाती घेतलं, निविदा निघाल्या. पण चाळीस वर्षं तारखा ऐकलेल्या गावाने नव्या तारखेवर लगेच विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. मधल्या काळात रेवस-करंजा रो-रो सेवेची घोषणा झाली, तीही वर्षानुवर्षं रखडली. रेवसला मोठं बंदर उभारायच्या योजनेचा गाजावाजा झाला आणि विरला.

समुद्रावाचून पर्याय नसण्याची किंमत या किनाऱ्याने एकदा फार मोठी मोजली आहे. 17 जुलै 1947 रोजी, गटारी अमावास्येच्या तोंडावर, ‘रामदास’ ही आगबोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणाला गावी जाणाऱ्यांनी बोट भरलेली होती. वाटेत काशाच्या खडकाजवळ वादळी पावसात आणि लाटांत ती कलंडली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. वाचलेल्यांत मुंबईकडे मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलेले बरेच होते. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, देशाचं लक्ष दुसरीकडे होतं. अलिबागच्या बाजूच्या गावांत मात्र ‘रामदास’ हा शब्द पुढची कित्येक वर्षं एका बोटीपुरता राहिला नाही. लाँचवर गर्दी वाढली की आजही घरातली वडीलधारी माणसं मुलांना पुढच्या फेरीने जा म्हणतात, ते उगाच नव्हे. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, तेव्हा जीवरक्षक जॅकेटची चर्चा पुन्हा सुरू झाली. जॅकेट पुरेशी आहेत का, नीट बांधता येतील अशी आहेत का, हे प्रश्न अपघातानंतर विचारले जातात आणि मग हळूहळू विचारायचे राहून जातात.

रेवसपासून काही किलोमीटरवर मांडवा आहे. हिंदी सिनेमाने त्याला ‘अग्निपथ’मध्ये नाव मिळवून दिलं, आणि पुढे पैशानेही. गेटवेहून मांडव्याला कॅटामरान येतात. मार्च 2020 पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट येते, तिच्या पोटात चारचाकी गाड्या आणि वर वातानुकूलित खुर्च्या असतात. तिचं तिकीट लाँचपेक्षा कितीतरी महाग. रेवसची लाँच मुंबईला जाणाऱ्यांची आहे. भाजीवाल्या, नोकरदार, कॉलेजची पोरं, मासळी विकणाऱ्या बाया तिच्याने जातात. मांडव्याची बोट मुख्यतः मुंबईहून येणाऱ्यांची. गेल्या काही वर्षांत सोयी कुठे वाढल्या ते पाहिलं, तर सरकारचं आणि व्यापाऱ्यांचं लक्ष येणाऱ्यांकडे आहे, जाणाऱ्यांकडे नाही, हे मान्य करावं लागतं. मुंबईच्या जवळ असल्याचा फायदा अलिबागच्या जमिनीला झाला, तिथल्या माणसाला तितका झाला नाही.

जमिनीचं म्हणावं तर किहीम, आवास, सासवणे, मांडवा या पट्ट्यात बंगल्यांचे कुंपण-दगड कुठवर आले ते दिसतंच आहे. किनाऱ्याचे नियम मोडून उभ्या राहिलेल्या बांधकामांवर वर्षानुवर्षं तक्रारी आणि खटले चालले. 8 मार्च 2019 रोजी किहीमचा नीरव मोदीचा बंगला सुरुंग लावून पाडला, ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. बाकीच्या बंगल्यांचं काय झालं हे टीव्हीने दाखवलं नाही. बोअरवेल खोल जातात, तरणतलाव भरतात आणि शेजारच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं, ही या पट्ट्यातली जुनी कुरकुर आहे. रेवसच्या बाजूला तर जमीनच खारी. नळाचं पाणी लांबून येतं आणि वाहिनीच्या शेवटच्या गावाला पाणी शेवटी मिळतं, कधी मिळतच नाही. शेतीला समुद्राचं पाणी नको म्हणून बाहेरकाठे, म्हणजे बांध, आहेत. उधाणात एखादा बांध फुटला की भातशेतीत खारं पाणी शिरतं आणि ती जमीन पुढची काही वर्षं धड पीक देत नाही. पूर्वी गावकरी एकत्र येऊन काठे बांधत, डागडुजी करत. कायदा आला, खारभूमी खातं आलं, आणि गावाने एकत्र यायची सवय सोडली. याची थोडी जबाबदारी गावानेही घ्यायला हवी.

पुन्हा धक्क्याकडे वळायचं तर एसटी लाँचसाठी थांबत नाही, लाँच एसटीसाठी. धक्क्यावर बायकांसाठी धड स्वच्छतागृह हवं, उन्हापावसात उभं राहायला छप्पर हवं. पूल होईल तेव्हा होईल, या गोष्टींना चाळीस वर्षं लागण्याचं कारण नाही.

आणि पूल सगळ्यांना हवा आहे असंही नाही. तरीवर पोट असणाऱ्यांचा धंदा तो सुरू होताच बसणार. शेजारच्या बोडणीत मोठा कोळीवाडा आहे. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंतची मासेमारी बंदी संपली की तिथल्या होड्या नारळी पौर्णिमेच्या आगेमागे समुद्रात उतरतात. पुलाच्या खांबांतून त्यांना वाट मिळेल का, हा प्रश्न आहे. वरळीच्या कोळ्यांनी सागरी किनारा मार्गाच्या वेळी असाच प्रश्न उभा केला होता. पुलाच्या खांबांतलं 60 मीटरचं अंतर होड्यांच्या ये-जा करायला पुरणार नाही असं ते सांगत राहिले. त्यांची मागणी 160 मीटरची होती, बऱ्याच आंदोलनानंतर 2022 च्या डिसेंबरात 120 मीटर मान्य झालं. उरणच्या बाजूला बंदराच्या विस्ताराने मासेमारी बुडालेल्या 1,630 कुटुंबांना 95 कोटींहून अधिक भरपाई द्यावी, असा निकाल राष्ट्रीय हरित लवादाने फेब्रुवारी 2015 मध्ये दिला होता. धरमतरच्या तोंडावर खांब उभे राहतील तेव्हा दोन खांबांत अंतर किती असेल, ओहोटीला होड्यांची वाट कुठली असेल आणि काम चालू असताना बुडालेल्या दिवसांचे पैसे कोण देईल, हे तीन प्रश्न बोडणीच्या कोळ्यांना खांब रोवण्याआधी लेखी विचारून घ्यावे लागतील.