‘सव्वीसचा द्या’ म्हणण्याआधी

सोलापुरात पूर्वी गिरणीच्या भोंग्यावर निघणाऱ्या काळ्या सायकलीला २८ × १½ चा टायर असे. त्याच्या बाजूवर ४०-६३५ असं उठवलेलं दिसेल: पहिला आकडा रुंदी, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. व्यासात तडजोड नाही. २६ × १⅜ (५९०) आणि गिअरवाल्या सायकलीचा २६ × १.९५ (५५९) दोन्ही ‘सव्वीस’च, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. रुंदीत मात्र सूट आहे. जुना टायर उतरवून रिमच्या दोन कडांमधलं आतलं अंतर पट्टीने मोजा. २० मिमी भरलं तर ३० ते ४० मिमीचा टायर बिनधास्त घ्या, नव्या रिमचा खर्च वाचला. फक्त मडगार्डला घासत नाही ना, ते दुकानातच चाक फिरवून बघा.