पाटी पुसलेल्या पेशी

मेलानोमा रोगप्रतिकारशक्तीला कसा चकवतो, हे सांगायला बसलेला प्रत्येक जण हल्ली थेट २०११ गाठतो. त्या वर्षी अमेरिकेत इपिलिमुमॅब या औषधाला मान्यता मिळाली, २०१४ मध्ये पीडी-१ रोखणारी औषधं आली, २०१८ मध्ये ॲलिसन आणि होंजो यांना नोबेल मिळालं. या औषधांचं मोल मी जाणतो. पसरलेल्या मेलानोमाचे बहुतेक रुग्ण पूर्वी वर्षभरही काढत नसत. मोठ्या चाचणीत या दोन्ही प्रकारची औषधं एकत्र घेतलेल्यांपैकी ४३ टक्के दहा वर्षांनीही हयात होते. पण उरलेल्यांचं काय झालं?

माझा जीव या प्रश्नात अडकला आहे. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे एचएलए रेणूंवर बाहेर मांडते. ती तिच्या दारावरची पाटी. टी-पेशी ही पाटी वाचूनच वार करते. मेलानोमाची पेशी ही पाटीच पुसून टाकते. एचएलएला आधार देणाऱ्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचं जनुक बिघडलं, की एचएलए पृष्ठभागावर टिकतच नाही. मग टी-पेशीवरचा पीडी-१चा ब्रेक काढून टी-पेशी कितीही मोकळी सोडली, तरी तिला वाचायला काही उरत नाही.

स्पेनमधल्या ग्रनाडाचे संशोधक फेदेरिको गारिदो हे दशकानुदशकं सांगत होते. आम्हीही गोठवलेल्या ऊतींचे काप एचएलएसाठी रंगवून पाहायचो, कारण तेव्हाची प्रतिपिंडं मेणातल्या ऊतींवर नीट चालत नसत. रक्तवाहिन्या तपकिरी, शिरलेल्या लिम्फोसाइट तपकिरी आणि मधली गाठीची बेटं कोरी! ती काचपट्टी पाहिलेला माणूस हा विषय सोडूच शकत नाही. तरी परिषदांत ऐकावं लागे, की हा प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा दोष आहे. १९९६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने इम्युनोथेरपी घेतलेल्या पाच रुग्णांच्या गाठींत बीटा-२चा हाच बिघाड दाखवला. त्याकडेही फारसं कुणी पाहिलं नाही. पेम्ब्रोलिझुमॅब या पीडी-१ रोखणाऱ्या औषधानंतर उलटलेल्या गाठींत तो सापडला, तेव्हा २०१६ उजाडलं होतं. वीस वर्षं गेली.

‘पाटी नसली तर नैसर्गिक मारक पेशी मारतीलच,’ हा आक्षेपही जुनाच. पाटी हरवलेल्या पेशी त्या मारतात, हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेत १९८६ मध्येच दिसलं. पण गाठ बहुधा सगळी पाटी पुसत नाही. सहाव्या गुणसूत्राची एकच प्रत गमावते. नेमका ओळख पटवणारा एचएलए जातो आणि उरलेले मारक पेशींना थोपवून धरतात.

आपल्याकडे मेलानोमा कमी. तो तळपायावर, नखाखाली येतो आणि कुरूप समजून महिनोन्‌महिने कापला जातो. त्यात उन्हाने होणारी उत्परिवर्तनं फारशी नसतात. म्हणजे पाटीवर परकं असं दाखवायला मुळात थोडं, त्यात पाटीही गेली तर टी-पेशीने करायचं काय? तरी आज अहवालात पीडी-१शी जुळणाऱ्या पीडी-एल१ प्रथिनाची टक्केवारी असते आणि बीटा-२ रंगवायचं कुणी सुचवत नाही. मेणातल्या ऊतीवर चालणारी प्रतिपिंडं आता सहज मिळतात, तरीही! तरुण पॅथॉलॉजिस्ट आकडा कळवून मोकळे होतात. कोरं बेट शोधत काचेवर रेंगाळणारी नजर दुर्मीळ झाली, याचं मला फार दुःख होतं.

जनुक शाबूत असून नुसतं दडपलेलं असेल, तर इंटरफेरॉनने पाटी परत उमटू शकते. जनुकच तुटलं असेल तर नाही. यातलं काय घडलंय, हे उलटलेल्या गाठीचा नवा तुकडा काढल्याशिवाय कळत नाही. आणि आपल्याकडे गाठ उलटली, की नवा तुकडा काढण्याआधी नवं औषध लिहिलं जातं.